तारेतली पत्रं आणि भिंतीवरचे फोटो



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा तर साधन काय? वीणा आहे, पताका आहे, जमाखर्चाच्या वह्या आहेत. बाकीचा इतिहास तुमच्या-आमच्या घरात आहे. तारेत ओवलेली पोस्टकार्डं आणि भिंतीवरचे फोटो, हाच तो इतिहास.

तुकोबारायांचे अभंग संताजी महाराज जगनाडे यांनी लिहून ठेवले, असं आम्ही कीर्तनात सांगतो. आपल्या खानदेशातला दाखला बहिणाबाई चौधरींचा. असोद्याची लेक, अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात गाणी म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ती कागदावर उतरून घेतली. बाई १९५१ साली गेल्या, १९५२ साली पुस्तक निघालं. ती वही रद्दीत गेली असती तर?

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या घरातले कसर लागलेले कागद गोळा केले. १९२६ साली धुळ्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून तिथं आहे. पण शेतकऱ्याचं पोस्टकार्ड कोण सांभाळणार? आपणच.

वारीतल्या पत्राचं कसं, सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, गावात वाचून दाखवणारा तिसरा. मजकूर थोडकाच. मुक्काम कुठं, पाय सुजले, पेरणी झाली का. पण जुनी वाट आणि सोबतची माणसं त्यातूनच कळतात. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं आणि विठोबाचं मंदिर हरिजनांना खुलं झालं. त्यानंतर पहिल्यांदा आत जाऊन आलेल्याचं कार्ड कोणाच्या पेटीत असेल, तर ते सोन्याच्या मोलाचं.

एक मात्र सापडत नाही. मरणाचं पत्र वाचलं की फाडायचं, घरात ठेवायचं नाही, अशी रीत. म्हणून वाटेत कोण वारलं हे म्हाताऱ्या माणसांनाच विचारून लिहावं लागेल.

पत्रावर तारीख नसली तरी अंदाज लागतो. पत्त्यात 'पूर्व खानदेश' असेल तर जळगावकडचं, 'पश्चिम खानदेश' असेल तर धुळ्याकडचं, आणि बहुतेक १९६० च्या आधीचं. तिकिटावर आणे असतील तर साधारण १९५७ च्या आधीचं, कारण त्या साली नवे पैसे आले. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं.

फोटोचं दुखणं वेगळं. आमच्या घरी एक फोटो आहे, टाळ घेतलेले सात जण. चौघांची नावं ठाऊक, तिघांची सांगणारं कोणी उरलं नाही. त्यांनीही पंढरीची वाट तुडवली, पण आज ते बिननावाचे.

म्हणून विनंती. धाब्याच्या घरात पावसाळ्यात भिंत ओलावते, मागून वाळवी लागते. फोटो त्या भिंतीवरून उतरवा. काचेला चिकटला असेल तर ओढू नका. पाठीमागे शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं नाव, गाव, साल लिहा. पत्रं तारेतून काढून सुती कापडात, कोरड्या पेटीत ठेवा. मोबाईलवर त्यांचे फोटो काढून दिंडीच्या वहीसाठी द्या, मूळ कागद घरीच राहू द्या.

आणि हे करताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. कागद आणखी दहा वर्षं टिकेल, नाव सांगणारं माणूस टिकेलच असं नाही.

पांडुरंग हरी!