‘मला कोणी नीट काही सांगतच नाही’: गरोदर बाईचं ऐकून घेण्याचा इतिहास

मी प्रसूतीतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. तरीही माझ्या ओपीडीत गरोदर बायका नेहमी येतात. कुणाचं बीपी वाढलेलं असतं, कुणाची शुगर, कुणाचा थायरॉईड. अनेकींच्या कार्डावर लाल स्टिकर असतो. त्याचा अर्थ, ही ‘अतिजोखमीची गरोदर माता’ आहे.

काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आईबरोबर आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पहिलंच बाळंतपण, आठवा महिना लागलेला, बीपी १५०/१००. मी गोळी लिहून दिली, लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगितलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला. ती उठता उठता म्हणाली, “सर, एक विचारू? चार दिवस झाले, डोकं खूप दुखतंय. तिकडे सांगितलं नाही. मागच्या वेळी पाय सुजलेत म्हटलं, तर पहिलटकरणीला सगळंच जास्त वाटतं म्हणाले. मला कोणी नीट काही सांगतच नाही.”

वाढलेलं बीपी आणि चार दिवसांची डोकेदुखी हा धोक्याचा इशारा असतो. तिला त्याच दिवशी ॲडमिट करावं लागलं. पुढे बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेले. पण एक गोष्ट मला टोचत राहिली. ‘तिकडे’ तिचं कोणी ऐकलं नाही हे खरं, पण मी तरी कुठे विचारलं होतं? मी आकडा पाहिला आणि गोळी लिहिली.

तेव्हापासून मी या विषयाचा इतिहास वाचू लागलो. प्रसूतीशास्त्राने मोठी मजल मारली आहे. पण त्यातल्या बऱ्याच पायऱ्यांवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बायका आधीपासून काहीतरी सांगत होत्या आणि डॉक्टरांनी ते उशिरा ऐकलं.

व्हिएन्ना: बायकांना आधीच माहीत होतं

१८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. कोणत्या दिवशी आलेली बाई कोणत्या विभागात जाणार हे वारावर ठरत असे. येणाऱ्या बहुतेक बायका गरीब, बऱ्याच अविवाहित. फुकट उपचारांच्या बदल्यात त्यांच्यावर विद्यार्थी शिकत.

शहरातल्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: पहिला विभाग म्हणजे मरण. त्या गुडघे टेकून विनवत, आम्हाला तिथे पाठवू नका. काही जणी तर रुग्णालयाबाहेर बाळंत होत आणि वाटेतच प्रसूती झाली असं सांगत. याला डॉक्टर बायकांची भीती समजत.

१८४६ मध्ये त्या विभागात इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर सहायक म्हणून आला. त्याने आकडे मांडले. त्या वर्षी पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्या विभागात तीनहून कमी. वाटेत बाळंत झालेल्या बायकांमध्येही बाळंतज्वर कमीच होता. म्हणजे बायकांची ‘भीती’ हे अचूक निरीक्षण होतं.

कारण पुढच्या वर्षी सापडलं. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येत होते. मे १८४७ मध्ये सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला. ही गोष्ट आपण हात धुण्याची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती न ऐकलेल्या बायकांचीही गोष्ट वाटते.

कल्याणची पोर

याच शतकात आपल्याकडे काय चाललं होतं? इथे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत होती, आजही आहे. आई, मावशी, ओळखीची सुईण सगळ्या भोवती असत. धीर द्यायला माणसं भरपूर, पण काही बिनसलं तर हाताशी वैद्यकीय मदत नाही.

१८६५ मध्ये जन्मलेल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि चौदाव्या वर्षी त्या पहिल्यांदा बाळंत झाल्या. आजच्या नियमाने केवळ वयामुळेच त्यांच्या कार्डावर लाल स्टिकर लागला असता. त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं, वैद्यकीय उपचारांअभावी. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. अमेरिकेला जाण्यापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) इथे केलेल्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टर का हव्यात ते मांडलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषयही हिंदूंचं प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षं पूर्ण होण्याआधी, क्षयाने त्या गेल्या.

व्हिएन्नात डॉक्टर होते, पण धीर देणारं कोणी नव्हतं. इथे धीर देणारे होते, पण डॉक्टर नव्हते. बाईला दोन्ही लागतं, एवढी साधी गोष्ट पचायला वैद्यकाला आणखी शंभर वर्षं लागली.

तपासणी आली, संवाद मागे राहिला

‘गरोदरपणात नियमित तपासणी’ ही कल्पना आपल्याला जुनी वाटते, पण ती जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे. त्याआधी युरोपातली प्रसूतिगृहंसुद्धा बाईला मुख्यतः कळा सुरू झाल्यावरच घेत. १८४३ मध्ये लंडनच्या जॉन लिव्हर यांनी झटके आलेल्या गरोदर बायकांच्या लघवीत प्रोटीन जात असल्याचं दाखवलं होतं. १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी बीपी मोजायचा दंडावरचा पट्टा आणला. म्हणजे धोका आधी ओळखण्याची साधनं हळूहळू हाती येत होती.

१९०१ मध्ये एडिंबरोच्या जॉन बॅलन्टाइन या डॉक्टरांनी गरोदर पण अजून कळा न लागलेल्या आजारी बायकांसाठी वेगळी सोय हवी असा आग्रह धरला. तिथल्या प्रसूती रुग्णालयात अशी एक खाट मिळाली. फक्त एक! आजच्या हाय-रिस्क वॉर्डची सुरुवात ती. बॅलन्टाइन यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय मात्र पोटातलं बाळ आणि त्यातले दोष हा होता. बाळाच्या काळजीतून आईची तपासणी सुरू झाली. आईला काय वाटतं, हा प्रश्न तिथे नव्हता.

तो प्रश्न विचारला बायकांच्याच एका संघटनेने. इंग्लंडमधल्या विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्डने कामगार घरांतल्या आपल्या सभासदांना स्वतःच्या बाळंतपणांविषयी लिहायला सांगितलं. मार्गारेट लुएलिन डेव्हिस यांनी त्यातली १६० पत्रं १९१५ मध्ये पुस्तकरूपाने छापली. गर्भपात, मेलेली मुलं, बाळंतपणानंतर लगेच उपसलेले कष्ट, सगळं त्यात आहे. आणि एक तक्रार वारंवार येते: आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही, माहीत असतं तर एवढं सोसावं लागलं नसतं. माझ्या ओपीडीतली मुलगी वेगळं काय म्हणाली होती?

त्या पत्रांनी जनमत तयार व्हायला मदत झाली. १९१८ मध्ये ब्रिटनमध्ये माता-बाल कल्याणाचा कायदा आला. १९२९ मध्ये सरकारने तपासण्यांचं वेळापत्रक सुचवलं: सोळावा, चोविसावा, अठ्ठाविसावा आठवडा, मग छत्तिसाव्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे दर आठवड्याला. हाच साचा जगभर पसरला. आपल्याकडचं तपासणीचं वेळापत्रकही त्याच वळणाचं आहे. वजन, बीपी, लघवी, पोटाची उंची. पाच मिनिटांत बाई बाहेर.

या तपासण्यांनी असंख्य जीव वाचवले, हे विसरू नका. बीपी वाढलेल्या बाईला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं देतात. २००२ मध्ये दहा हजारांहून अधिक बायकांवर केलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत झटक्यांचा धोका त्यामुळे निम्म्याहून कमी झाला. पण ते इंजेक्शन तिच्यापर्यंत वेळेवर पोचायला आधी तिने “डोकं दुखतंय” म्हणायला हवं, आणि ते कोणीतरी ऐकायला हवं.

१९६०: एका पत्राची ठिणगी

विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांत बाळंतपणं घरून मोठ्या प्रमाणावर रुग्णालयात गेली. मृत्यू खूप कमी झाले, पण बाई एकटी पडली. नवरा बाहेर, आई बाहेर, आत अनोळखी माणसं. अमेरिकेतल्या एका महिला मासिकाने १९५८ मध्ये प्रसूतिकक्षांतल्या क्रूर वागणुकीवर लेख छापला. त्याची सुरुवात एका नर्सच्याच पत्राने झाली होती.

इंग्लंडमध्ये १९६० मध्ये सॅली विलिंग्टन या बाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. बाळंतपणाआधी रुग्णालयात काढलेल्या दिवसांचा अनुभव त्यामागे होता. त्यांना इतक्या जणींचे प्रतिसाद आले की त्यातून संघटना उभी राहिली. तिचं पहिलं नाव होतं ‘गरोदर स्त्रियांवरील क्रौर्य प्रतिबंधक संस्था’. पुढे नाव सौम्य झालं, पण काम चालू राहिलं.

डॉक्टरांना हे सगळं नाजूकपणाचं वाटायचं. जीव वाचतोय ना, मग गोड बोलणं कशाला?

धीर मोजता येतो?

या प्रश्नाचं उत्तर मोजमापाने मिळालं ते ग्वाटेमालात. तिथल्या एका रुग्णालयात पहिलटकरणी एकट्याच कळा देत असत. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केनेल, क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणींजवळ एक अनोळखी पण प्रेमळ बाई बसवली. ती हात धरायची, पाठ चोळायची, बोलायची. उपचार काहीच करायची नाही. अभ्यास लहान होता, पण फरक मोठा होता. दाखल झाल्यापासून बाळंत होईपर्यंत एकट्या बायकांना सरासरी १९.३ तास लागले, सोबत असलेल्यांना ८.८.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ४१२ पहिलटकरणींवर मोठा अभ्यास झाला. सोबत मिळालेल्यांपैकी ८ टक्क्यांचं सिझेरियन झालं, न मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांचं. पुढे अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही दिशा तीच राहिली: सतत सोबत असेल तर नैसर्गिक प्रसूती जास्त, सिझेरियन कमी, आणि बाळंतपणाची कटू आठवणही कमी.

पण हे दोन्ही अभ्यास निरोगी बायकांवरचे होते. अतिजोखमीच्या बायकांचं काय? ॲन ओकली या समाजशास्त्रज्ञ बाईंनी इंग्लंडमध्ये हे तपासलं. आधी कमी वजनाचं मूल झालेल्या ५०९ गरोदर बायका निवडल्या. त्यातल्या निम्म्यांकडे सुईणी घरी जाऊन निवांत ऐकायच्या, शिवाय फोनवर केव्हाही उपलब्ध असायच्या. १९९० मध्ये निष्कर्ष आले. बाळांच्या सरासरी वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मात्र त्या बायकांना गरोदरपणात रुग्णालयात कमी वेळा भरती व्हावं लागलं आणि बाळंतपणानंतर आई-बाळांची तब्येतही अधिक चांगली राहिली.

मला हा निष्कर्ष फार प्रामाणिक वाटतो. धीर दिल्याने बीपी बरं होत नाही आणि बाळाचं वजनही वाढत नाही. धीर हा औषधाला पर्याय नाही. पण औषधाने जे होत नाही ते धीराने होतं, आणि त्याचा परिणाम मोजता येतो.

आज आपण कुठे आहोत

२०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत कळांच्या वेळी बाईजवळ एक स्त्री-सोबतीण राहू द्यायला परवानगी दिली. त्याच वर्षी दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी सुरू झाली. लाल स्टिकर त्याच मोहिमेतला. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिकक्षातल्या सन्मानाच्या वागणुकीचाही समावेश झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या सूचनांमध्ये तपासणीच्या ‘भेटी’ऐवजी ‘संपर्क’ हा शब्द मुद्दाम वापरला आणि २०१८ मध्ये प्रत्येक बाईला तिच्या पसंतीचं माणूस सोबत असावं असं सांगितलं.

कागदावर हे सगळं आलं आहे. प्रत्यक्षात ओपीडीबाहेर शंभर जणी रांगेत असतात आणि आत एक दमलेली डॉक्टर. तिला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. पण “आणखी काही होतंय का?” हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. मी आता ते दर वेळी विचारतो.

तुमच्या कार्डावर लाल स्टिकर असेल, तर पुढच्या तपासणीत हे चार प्रश्न नक्की विचारा:

- मला नेमकी कोणती जोखीम आहे?
- कोणतं लक्षण दिसलं तर तारखेची वाट न पाहता लगेच यायचं?
- रात्री-अपरात्री कुठे जायचं, कोणाला फोन करायचा?
- कळांच्या वेळी माझ्याजवळ कोण थांबू शकेल?

खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, पोटात वरच्या बाजूला दुखणं, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज, झटके, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं: यातलं काहीही झालं तर लगेच रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा. आपण उगाच घाबरतोय असं वाटलं तरी सांगा.

आणि घरच्यांनो, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” हे वाक्य तेवढं टाळा. आपल्या आज्यांच्या वेळीही हे सगळं होतं. त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं, एवढंच.