दऱ्यांचा दर्या

माझ्या एका कादंबरीचे पहिले मुद्रित हाती आले तेव्हा पहिल्याच पानावर सह्याद्रीत समुद्र शिरलेला दिसला. मी लिहिले होते, ‘दऱ्यांत धुके उतरले होते.’ छापून आले होते, ‘दर्यांत धुके उतरले होते.’ तिसऱ्या प्रकरणातल्या लग्नात मी जिलब्या तळावयास आचारी बसवले होते. तेथे आता ‘आचार्यांनी’ जिलब्या तळल्या होत्या! पाने लावणारा मुलगा म्हणाला, “सर, मी एक अक्षरही टाइप केलेले नाही. तुमचीच फाइल आत घेतली आहे.” तो खरे बोलत होता. मग ही भानगड झाली कोठे? शोध घेता घेता मी पार दोनशे वर्षे मागे गेलो.

विल्यम कॅरे याचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालात, छापले गेले. तेथे देवनागरी खिळे होते; १८१० सालचा त्याचा मराठी कोश तर मोडी खिळ्यांनी छापला आहे. पण मला अधिक मोह पडतो तो आपल्या गणपत कृष्णाजींचा. त्यांनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. शिळाछापात लेखकाने जसे अक्षर काढले तसेच ते दगडावर उतरते आणि तसेच कागदावर उमटते. जोडाक्षर मोडावयाचे नाही, जुळवावयाचेही नाही. लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मध्ये जणू कोणी तिसरा नाहीच.

तो तिसरा आला खिळ्यांबरोबर. जावजी दादाजींनी १८६४ साली टाइपांचा कारखाना काढला आणि पुढे निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांनी सारा देश मोहून गेला. इंग्रजीला सव्वीस अक्षरे, फार तर त्यांची दोन रूपे. आमच्या जुळाऱ्यापुढे मात्र अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या असा शेकडो खिळ्यांचा संसार मांडलेला! हा पसारा आवरावा म्हणून लोकमान्य टिळकांनीदेखील पुष्कळ खटपट केली. पण जुळाऱ्यापाशी एक गोष्ट होती, ती म्हणजे डोळे. मुद्रणप्रतीत ‘दऱ्या’ असेल तर तो अर्ध्या ‘र’चा खिळा उचली, कारण त्याला मराठी येत होते.

पुढची उडी मोठी आहे. अमेरिकेत पॉल ब्रेनर्ड याने सिॲटलमध्ये एक कंपनी काढली आणि तिला पंधराव्या शतकाच्या शेवटी व्हेनिसमध्ये ग्रंथ छापणाऱ्या आल्डस मानुटियसचे नाव दिले. तिचे पेजमेकर १९८५ साली आले. ‘प्लेस’ म्हणावे, फाइल निवडावी, आणि सारा मजकूर पाण्यासारखा स्तंभात वाहत यावा, अशी ती किमया होती. परंतु ही किमया इंग्रजीसाठी. मराठी तिच्यात शिरली ती वेष पालटून.

तो वेष समजून घेतला पाहिजे, कारण सगळे पाणी तेथेच मुरते. तेव्हाच्या फाँटात जास्तीत जास्त २५६ घरे, त्यांतलीही सगळी वापरता येत नसत. इंग्रजी अक्षरांची ती घरे रिकामी करून तेथे आमचे तुकडे बसवले : एका घरात अर्धा ‘क’, एकात काना, एकात रफार. संगणकाला मराठी ठाऊकच नव्हती. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ. शिवाय प्रत्येक कंपनीने घरे आपापल्या मर्जीने वाटली. एकीचा ‘क’ दुसरीकडे भलतेच चिन्ह होऊन बसे. तुकड्यांऐवजी अक्षरांनाच क्रमांक देणारे ‘इस्की’ हे सरकारी प्रमाण १९९१ साली निघाले. त्याच वर्षी युनिकोडही आले आणि त्यात देवनागरी होती. पण पेजमेकरला युनिकोड कधीच कळले नाही. त्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची. आमच्या छापखान्यांत ते त्यानंतरही कित्येक वर्षे नांदत राहिले.

मग फाइल ‘बदलून’ घेणे आले. युनिकोडात ‘कि’ लिहिताना आधी ‘क’, मग वेलांटी. जुन्या फाँटात आधी वेलांटी, मग ‘क’, जशी डोळ्यांना दिसते तशी. ‘सूर्य’ शब्दातला रफार उच्चारात ‘य’च्या आधी येतो, तसाच तो युनिकोडातही येतो, जुन्या फाँटात तो ‘य’नंतर डोक्यावर चढतो. बदलणाऱ्या साधनाला ही सारी उलथापालथ करावी लागते. आणि ‘दऱ्या’तला तो पापणीसारखा ‘र’ युनिकोडात नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून होतो. माझ्या फाइलीत साधनाने तो नुक्ता निरुपयोगी ठिपका समजून झटकला. राहिला साधा ‘र’. त्याचा झाला रफार. आणि दऱ्यांचा झाला दर्या!

इनडिझाइनने २०१२ साली भारतीय लिप्यांची रीतसर सोय केली. पण तेथेही ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. विसरलात तर जोडाक्षरे मोडलीच. हल्ली मी फाइल साधी करून पाठवतो : दोन शब्दांत एकच मोकळी जागा, परिच्छेदाला एकदाच एंटर. सोबत एक कागद, त्यावर दऱ्या, आचाऱ्यांना, सुऱ्या, वाऱ्यावर असे वीसेक शब्द. पाने लागल्यावर आधी तेवढे पाहा, असे त्या मुलाला सांगतो. तो हसतो, पण पाहतो.

एक काम मात्र अडून बसले आहे. आमच्या शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापकांनी १९९८ साली आपल्या गावच्या आठवणी टाइप करवून घेतल्या होत्या. हस्तलिखित गेले, उरली ती फाइल, आणि तिचा फाँट आता कोणापाशी नाही. उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता भुगा. सुटीत बसून मी कोणते चिन्ह कशाचे याची यादी करीत आणली आहे. ‘आई’ सापडली, ‘विहीर’ सापडली. एकच चिन्ह अठरा ठिकाणी येते. ते रफार की अर्धा ‘र’, हे अजून ठरत नाही. त्यांतल्या एका वाक्यात त्यांचे वडील गाव सोडून निघतात. ते दऱ्या ओलांडून गेले की दर्या ओलांडून, हे विचारावे असे त्यांच्या घरात आता कोणी उरलेले नाही. उरलेली सतरा ठिकाणे मी या दिवाळीच्या सुटीत ताडून पाहणार आहे.