मेमरीच्या सफाईची कुळकथा

गरज संपलेली मेमरी चालू प्रोग्रॅममध्येच आपोआप हुडकून पुन्हा वापरात आणण्याच्या तंत्राला गार्बेज कलेक्शन म्हणतात. जॉन मॅकार्थी यांनी ते १९५९च्या सुमारास एमआयटीत, लिस्प या भाषेसाठी योजले.

आयपीएलसारख्या, याद्या हाताळणाऱ्या आधीच्या भाषांत नको झालेली यादी पुसण्याचे काम प्रोग्रॅमरकडेच असे. पण एकच यादी अनेक याद्यांचा भाग असू शकते. ती लवकर पुसली तर दुसऱ्या कुणाचा हिशेब बिघडतो, पुसलीच नाही तर जागा संपते. शिवाय गणितातले विकलन करणाऱ्या प्रोग्रॅमसारख्या सुबक व्याख्येत मध्येच पुसापुशीच्या सूचना घालणे मॅकार्थींना रुचत नव्हते. प्रत्येक यादीला किती जण धरून आहेत हे मोजत राहणे, हा एक उपाय होता. मात्र त्यांच्या आयबीएम ७०४ या संगणकाच्या ३६ बिटांच्या शब्दात दोन पत्ते बसवल्यावर सहाच बिट उरत, तेही दोन ठिकाणी विखुरलेले. म्हणून दुसरी वाट धरली गेली: जागा संपेपर्यंत काहीच करायचे नाही, संपली की प्रोग्रॅमच्या हाती असलेल्या मूळ पत्त्यांपासून निघून, पोचता येईल त्या प्रत्येक शब्दावर खूण करायची आणि बिनखुणेचे शब्द मोकळ्या साठ्यात परत जोडायचे. डॅन एडवर्ड्स यांनी हा प्रोग्रॅम लिहिला.

त्याची पहिली जाहीर ओळख फजितीची ठरली. उद्योगजगतातल्या पाहुण्यांसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक होते. पाहुणे चौथ्या मजल्यावर टीव्हीच्या पडद्यासमोर, मॅकार्थी पहिल्या मजल्यावर यंत्रापाशी. मध्येच मेमरी संपली आणि सेकंदाला दहा अक्षरांच्या संथ गतीने टंकयंत्र छापू लागले, की कचरा गोळा करणाऱ्याला पाचारण केले असून काही रंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे आहे. एरवी हा पानभर अहवाल वेगवान प्रिंटरवर जाई. या कचरेवाल्याबद्दल पाहुण्यांना आधी कुणी काहीच सांगितले नव्हते. हशात प्रात्यक्षिक बुडाले. लिस्पवरच्या १९६०च्या शोधनिबंधात मॅकार्थींनी 'गार्बेज कलेक्शन' हे नाव वापरलेच नाही.

त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी मोजणीची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे वैगुण्य १९६३मध्ये मॅकबेथ यांनी दाखवले: एकमेकींना धरून बसलेल्या दोन याद्यांची मोजणी कधीच शून्यावर येत नाही. पायथॉनची प्रचलित आवृत्ती आजही मोजणीवर चालते आणि अशा चक्रांसाठी वेगळा शोधक ठेवते. दुसरीकडे, खूण करण्यासाठी प्रोग्रॅम थांबवावा लागे, ही लिस्पची जुनी तक्रार. बहुतेक वस्तू तरुणपणीच निकामी होतात हे हेरून डेव्हिड उंगर यांनी १९८४मध्ये स्मॉलटॉक या भाषेसाठी फक्त नव्या वस्तूंची वारंवार झडती घेणारी पद्धत मांडली, आणि थांबे बरेच आखडले. १९९५नंतर जावाने स्वयंचलित सफाई रोजच्या व्यवसायात आणली.

मेमरीपलीकडची आवराआवर मात्र या तंत्राला नीट जमली नाही. वस्तू नष्ट होण्यापूर्वी उघडी फाइल बंद करावी म्हणून जावाने 'फायनलाइझ' दिले. पण सफाई केव्हा होईल, किंबहुना होईल की नाही, याची हमी नसल्याने फाइली ताटकळत राहत. २०१७च्या नवव्या आवृत्तीपासून जावाने ही सोय वापरू नये असे जाहीर केले. फाइल बंद करण्याची जबाबदारी पुन्हा प्रोग्रॅमरकडे आली.