चहाच्या मळ्यातले दात

‘वय झालं की दात पडायचेच,’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. या समजाची खरी परीक्षा श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत झाली. ती पंधरा वर्षं चालली.

परीक्षा घेणारे हाराल्ड ल्यो हे मूळचे नॉर्वेचे दंतशास्त्रज्ञ. त्याआधी १९६५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या ऑर्हुसचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला होता. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं बंद केलं. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. ब्रश पुन्हा सुरू झाला आणि साधारण आठवड्याभरात सूज उतरली. दातांवर साचणारा जिवाणूंचा थर हेच सुजेचं कारण, हे त्यातून दिसलं.

पण तो थर वर्षानुवर्षं तसाच राहिला तर? याचं उत्तर शोधायला १९७० साली ही मंडळी तेव्हाच्या सिलोनमधल्या चहाच्या मळ्यांत गेली. तिथल्या ४८० तमिळ मजुरांचे दात तपासले गेले. मजूर सगळे पुरुष आणि तरुण. ब्रश नाही, दंतवैद्य नाही. दातांवर किटण, हिरड्या सुजलेल्या. मात्र कीड जवळपास कुणाच्याच दातांना नव्हती. म्हणजे दात गेलाच, तर तो हिरडीच्या रोगानेच जाणार होता.

तपासण्या १९८५ पर्यंत चालल्या. ८ टक्के मजुरांचा रोग वेगाने वाढला. त्यांचे पस्तिशीपर्यंत सरासरी १२ दात गेले, चाळिशीपर्यंत २०, आणि पंचेचाळिशीत तोंडात एकही दात उरला नाही. ८१ टक्के मजुरांचे दात तिशीनंतर पडू लागले आणि पंचेचाळिशीपर्यंत सरासरी ७ गेले. उरलेल्या ११ टक्क्यांचा रोग सुजेच्या पुढे गेलाच नाही.

किटण सगळ्यांच्याच दातांवर होतं, वयही सगळ्यांचं वाढलं. तरी काहींचे दात टिकले. म्हणजे दोष नुसत्या वयाचा नव्हता. कुणाचं शरीर या जिवाणूंना कसं तोंड देतं, यावर बरंच अवलंबून असतं. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह ही ताकद कमी करतात, हे आज माहीत आहे. आपल्याकडची मिश्रीही तंबाखूचीच.

आत घडतं ते असं: सुजलेली हिरडी दातापासून सुटते, त्या फटीत किटण खोल उतरतं आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. बांधाची माती वाहून गेली की धडधाकट खांबही हलतो, तसा न किडलेला दात हलू लागतो. हे सगळं होताना फारसं दुखत नाही. दुखेपर्यंत थांबणारा माणूस दवाखान्यात पोचतो, तेव्हा अनेकदा आधाराला हाडच उरलेलं नसतं. मग दात काढावा लागतो.

ऑर्हुसच्या १२ जणांच्या हातात तीन आठवड्यांच्या आत ब्रश परत आला. मळ्यातल्या मजुरांचे पडणारे दात पंधरा वर्षं मोजले गेले. हिरड्यांच्या रोगाबद्दल आपल्याला जे कळलं, त्यातलं बरंचसं या मजुरांच्या तोंडून कळलं आहे.

ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसलं, तर आपण बहुधा अजून ऑर्हुसच्या टप्प्यावर असतो. तिथून परत फिरता येतं.