आवेगनिरोध, स्वमग्न बालकांतील

हाताला किंवा जिभेला प्रथम स्फुरलेली क्रिया आवरून तिच्या जागी दुसरी योजण्याची जी शक्ती साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान झपाट्याने वाढते, तिला मानसशास्त्रात आवेगनिरोध म्हणतात. मेंदूच्या ललाटखंडाच्या अग्रभागाची सावकाश होणारी परिपक्वता हा तिचा शारीरिक आधार होय. छत्तीसगडातील उतई-भिलाईकडे ‘चिडिया उड’ आणि मराठी घरांतून ‘चिमणी उड’ म्हणून जो खेळ चालतो, त्यात चिमणी, कावळा, पोपट या नावांसरशी वर जाण्यास सरावलेले बोट म्हशीचे नाव येताच जमिनीवर दाबून धरावे लागते. या शक्तीची याहून सोपी परीक्षा प्रयोगशाळांनाही क्वचितच साधली असेल.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ बालकांच्या वृत्तांतावरून स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) वर्णन केले, तेव्हा त्यांचा भर एकाकीपणावर आणि सारखेपणाच्या आग्रहावर होता. संयमाची चर्चा मागाहून आली. १९९१ मध्ये जेम्स रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालकापुढे झरोके असलेल्या दोन पेट्या ठेविल्या. एकीतील मिठाई त्याला दिसे. परंतु ज्या पेटीकडे तो बोट दाखवी ती प्रतिस्पर्ध्याच्या पदरी पडे, म्हणजे रिकामी पेटी दाखविणाराच मिठाईचा धनी होई. चार वर्षांची इतर मुले हे मर्म लवकर ओळखीत. पुष्कळशी स्वमग्न मुले मात्र खेपेगणिक मिठाई गमावूनही भरल्या पेटीकडेच बोट दाखवीत राहिली. त्यांना फसवणूक उमगत नाही, असा तर्क येथे सहज सुचतो. पण १९९३ मध्ये क्लेअर ह्यूज व रसेल यांनी प्रतिस्पर्ध्यालाच रजा दिली, तरी चूक कायम राहिली.

एवढ्यावरून स्वमग्न मूल अनावरच असते असा निवाडा देणे अन्यायाचे होईल. खुणेसरशी हात थांबविण्याच्या चाचणीत ओझोनॉफ व स्ट्रेयर यांना १९९७ मध्ये, बौद्धिक वाढ यथायोग्य असलेली स्वमग्न मुले इतरांच्या बरोबरीची आढळली. ज्या नियमाचे प्रयोजन दिसत नाही तो पाळणे त्यांना विशेष जड जाते, असे रसेल यांचे मत होते. शिवाय, कुकरच्या शिटीने हादरून जे मूल कानांवर हात ठेवून धावत सुटते, त्याचे ते धावणे आवेग नसून बचाव असतो. वडीलधारी मंडळी या साऱ्यावर ‘हट्टी’ असा एकच शिक्का मारून मोकळी होतात.

नुसता ‘थांब’ हा हुकूम निष्फळ ठरतो, कारण किती वेळ थांबावयाचे हे त्यात नसते. वाळूचे घड्याळ व दिनक्रमाचा चित्रतक्ता ही उणीव भरून काढतात. थांबणे प्रथम काही क्षणांचेच ठेवून हळूहळू वाढवितात. मागण्याचे साधन हाती आले की उपद्रव उतरतो, हे कार व ड्युरांड यांनी १९८५ मध्ये दाखविले. म्हणून न बोलणाऱ्या मुलाला ‘हवे’, ‘नको’ यांची चित्रे देतात.

भारतात १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला २१ प्रकारांत स्थान दिले. या कायद्याखालील दिव्यांगतेच्या दाखल्यासाठी उतईकरांना दुर्ग या जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. तेथील रांगेत वाळूचे घड्याळ जवळ असलेले बरे.