हांकेचें अंतर

मराठी भाषेंत अंतर मोजण्याचें एक जुनें माप आहे. तें कोसांत नाहीं, मैलांतहि नाहीं. तें माणसाच्या कंठांत आहे. अमक्याचें घर किती लांब, असें कोणी विचारलें तर आपण सहज सांगतों, "आहे हांकेच्या अंतरावर." तेथपर्यंत आपला आवाज पोंचतो, एवढाच याचा अर्थ नव्हे. तेथून कोणी तरी ओ देईल व धांवत येईल, हा विश्वासहि त्यांत गृहीत धरलेला असतो. आज या मापाचीच हकीकत सांगावयाची आहे. घरांत एकटें असलेलें म्हातारें माणूस पडलें, तर त्याची हांक कोठवर जाते आणि तिला ओ कोण देतें, हा आजच्या भाषणाचा विषय.

उत्तर नागपुरांतील जरीपटका ही वसाहत आपणांपैकीं पुष्कळांच्या पायाखालची आहे. जरीपटका म्हणजे मराठेशाहींतील जरीचें निशाण. गर्दींत पांगलेल्या शिपायास आपलीं माणसें कोठें आहेत तें दुरून कळावें, हा निशाणाचा एक उपयोग. म्हणजे तीहि एक मुकी हांकच. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली, आणि सिंधमधून उखडलेलीं अनेक कुटुंबें नागपुरास येऊन या भागांत स्थिरावलीं. त्यांनीं दुकानें थाटलीं, घरें बांधलीं, मुलांना शिकविलें. पुढें नागपुरांतील इतर वस्त्यांप्रमाणेंच येथीलहि कित्येक मुलें नोकरीव्यापारासाठीं पुण्यामुंबईस आणि परदेशीं गेलीं. मागें घरें मोठीं राहिलीं व माणसें थोडीं.

येथें एक भ्रम आधीं दूर केला पाहिजे. पूर्वीं एकत्र कुटुंबें होतीं, तेव्हां म्हाताऱ्यांचें सर्व कसें यथास्थित चालत असे, असें म्हणण्याची आपल्याला संवय आहे. वाड्याच्या चौकांत कोणी घसरून पडलें तर आवाजासरशीं चार माणसें जमत, हें खरें. पण जमून तीं करीत काय? मांडीचें हाड खुब्याशीं मोडलें, तर लेप, शेक आणि खाटेवर पडून राहणें यापलीकडे फारसा इलाज नव्हता. त्या खाटेवरून पुष्कळ जण पुन्हां उठत नसत. शिवाय म्हातारपण गांठणारे लोकच थोडे. १९५१ च्या सुमारास भारतीयांचें सरासरी आयुर्मान अवघें ३२ वर्षांचें होतें. बालमृत्यूंनीं तो आंकडा फार खालीं ओढला होता हें धरलें, तरी आजच्या ७० च्या आसपासच्या आंकड्याशीं त्याची तुलना बोलकी आहे. २०११ च्या खानेसुमारींत ६० वर्षें ओलांडलेल्या भारतीयांची संख्या १० कोटींच्या वर भरली.

हांक लौकर पोंचण्याला खरा अर्थ आला तो शस्त्रवैद्यकामुळें. अमेरिकेंतील स्मिथ-पीटर्सन यांनीं १९२५ सालीं मोडलेला खुबा तीन धारांच्या धातूच्या खिळ्यानें जोडण्याची रीत पाडली. इंग्लंडांत जॉन चार्नली यांनीं १९६२ च्या सुमारास खुब्याचा सबंध सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया भरवंशाची करून दाखविली. पडणें म्हणजे कायमचें अंथरूण धरणें, हें समीकरण त्यामुळें मोडलें. पण त्याबरोबर दुसरा एक शत्रु नजरेस आला. तो म्हणजे जमिनीवरचा वेळ. पडलेलें माणूस तासचे तास फरशीवर राहिलें, तर अंगांतील पाणी कमी होतें; दाब बसलेल्या जागीं कातडीला व्रण पडतात; फुप्फुसांना सूज येते; दबलेल्या स्नायूंतील द्रव्यें रक्तांत उतरून मूत्रपिंडें निकामी करूं शकतात. हाड एकहि मोडलें नसतां केवळ वाट पाहण्यानें माणूस दगावूं शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणें पडण्यामुळें जगांत दरवर्षीं सुमारें ६ लाख ८४ हजार माणसें मरतात, आणि त्यांत वृद्धांचें प्रमाण सर्वांत मोठें आहे.

आतां हांक लांबविणाऱ्या साधनांकडे वळूं. तार ही आपल्या देशांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली आणि जुलै २०१३ मध्यें कायमची बंद झाली. पण तार ही हांक नव्हे, वार्ता होय. ती हातीं पडे तेव्हां जें व्हावयाचें तें बहुधा होऊन गेलेलें असे. म्हणूनच तारवाला दारांत दिसतांच घरांतील बायकामाणसांच्या पोटांत धस्स होई. दूरध्वनीची गोष्ट निराळी. १० मार्च १८७६ रोजीं ग्रॅहॅम बेल यांनीं या यंत्रांतून पहिलें स्पष्ट वाक्य उच्चारलें, तें शेजारच्या खोलींतील आपल्या सहायकास बोलावून घेण्यासाठीं. म्हणजे या यंत्राचा जन्मच हांकेंतून झाला, आणि ती ऐकून वॉटसन उठून आले, हें त्याहून महत्त्वाचें. १८८२ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें दूरध्वनीचीं केंद्रें उघडलीं. तथापि पडलेल्या माणसाच्या दृष्टीनें या यंत्रांत एक मोठीच उणीव होती: यंत्र टेबलावर, आणि हांक मारणारा जमिनीवर!

ही उणीव भरून निघण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. मधल्या काळांत लंडन शहरानें एक पाऊल टाकलें. १९३५ सालीं तेथील एका घरास आग लागून पांच स्त्रिया मरण पावल्या; शेजाऱ्यानें दूरध्वनि केला, पण तो केंद्रांतील इतर कामांच्या रांगेंत अडकून पडला. त्यांतून १९३७ सालीं ९९९ हा संकटकाळचा स्वतंत्र क्रमांक निघाला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत जर्मनींत विल्हेल्म होर्मान व अमेरिकेंत अँड्र्यू डिब्नर यांनीं गळ्यांत घालावयाच्या बटनाची कल्पना व्यवहारांत आणली. बटन दाबलें कीं त्यांतील लहानसें प्रेषकयंत्र घरांतील पेटीस खूण देतें, पेटी आपण होऊन मदतकेंद्रास दूरध्वनि करते, आणि पलीकडून माणूस विचारतो, काय झालें? हांक आतां टेबलावरून उतरून पडलेल्याच्या छातीशीं आली.

पुढचें पाऊल म्हणजे हांक न मारतांच ती ऐकूं जाणें. सप्टेंबर २०१८ मध्यें ॲपल कंपनीनें मनगटी घड्याळांत ही सोय आणली. हात झपाट्यानें खालीं गेला, मोठा आघात झाला आणि मग हालचाल थांबली, या खुणा तें घड्याळ ओळखतें. सुमारें १ मिनिट माणूस हललें नाहीं, तर स्वतःच मदत मागतें आणि नेमून दिलेल्या आप्तांस कळवितें. मात्र त्याच्याहि मर्यादा आहेत. पलंगावर धपकन् बसणें त्याला कधीं पडणें वाटतें, आणि भिंतीच्या आधारानें हळूहळू घसरलेलें माणूस त्याच्या लक्षांतच येत नाहीं. शिवाय विजेवर भारण्यासाठीं तें रात्रीं मनगटावरून उतरतें, आणि रात्रींच तर म्हातारें माणूस अंधारांत उठतें.

इकडे आपल्या देशांत ओ देणारी व्यवस्थाहि उभी राहत होती. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २००५ सालीं हैदराबादेस सुरू झाली व २०१४ सालीं महाराष्ट्रांत आली. एवढें सारें झाल्यावर प्रश्न सुटावयास हवा होता. तो सुटला नाहीं. इंग्लंडांत केंब्रिज येथें नव्वदी ओलांडलेल्या ११० वृद्धांवर वर्षभर लक्ष ठेवण्यांत आलें व त्याचा वृत्तान्त २००८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील ६० टक्के त्या वर्षांत पडले. पुष्कळांपाशीं हांकेचें साधन होतें. तरीहि जे बराच वेळ जमिनीवर राहिले, त्यांतील बहुतेकांनीं तें वापरलेंच नाहीं! कोणी तें अंगावर घातलें नव्हतें, कोणास तें आपल्यासाठीं नाहींच असें वाटे, कोणास आपलें आपण उठावयाचें होतें. आपल्याकडील आईबाप याहून निराळे आहेत काय? "उगीच मुलाला काळजी नको," हें वाक्य कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं?

जरीपटक्यांतील असें एखादें घर डोळ्यांपुढें आणा. रात्रीचे २ वाजले आहेत. आई न्हाणीघराच्या दाराशीं पडली आहे. घड्याळ मनगटावर आहे, तें आपलें काम चोख करतें, आणि न्यूयॉर्कला दुपारचे ४-३० वाजले असतां कचेरींत बसलेल्या मुलास तें क्षणार्धांत कळतें. आठ हजार मैलांचें अंतर हांकेनें एका निमिषांत तोडलें! पण मुलानें तेथून १०८ फिरवून नागपूरची रुग्णवाहिका मिळत नाहीं. तो आंकडा या देशांतच चालतो. शेजाऱ्याचा क्रमांक त्याच्यापाशीं नाहीं. आणि कसेंबसें कोणी दाराशीं आलेंच, तर दाराला आंतून कडी आहे.

या हकीकतीचें तात्पर्य मला येवढेंच दिसतें. गेल्या दीडशें वर्षांत माणसानें हांकेचें अंतर पृथ्वीएवढें केलें. ओ देण्याचें अंतर मात्र होतें तेवढेंच राहिलें. तें अजून पायांनीं चालूनच तोडावें लागतें. म्हणून आईबापांसाठीं यंत्र अवश्य घ्यावें. पण घेतल्यावर तेथेंच थांबूं नये. दोन शेजाऱ्यांचे क्रमांक मुलाजवळ व मुलाचा क्रमांक त्या शेजाऱ्यांजवळ असावा. रात्रीं आंतून कडी न घालतां बाहेरून उघडेल असें कुलूप असावें, आणि त्याची दुसरी किल्ली हांकेच्या अंतरावरील एखाद्या घरांत खुंटीला टांगलेली असावी. आणि हें सर्व आईबापांच्या पश्चात् नव्हे, तर त्यांच्याशीं बसून, त्यांचा मान राखून ठरवावें. कारण मदत मागणें म्हणजे हार नव्हे, हें ज्याला पटलेलें नाहीं, त्याच्या मनगटावरचें यंत्रहि मुकेंच राहतें.