एक पासवर्ड, दोन किल्ल्या
आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.११ हे बिनतारी जाळ्याचे मानक १९९७ मध्ये ठरवले. १९९९ मध्ये ॲपलच्या एअरपोर्ट या बिनतारी उपकरणांनी ते घरात आणले. मॅक आणि विंडोज एकाच जाळ्यावर आणताना खरे घोडे अडे ते पासवर्डपाशी. एअरपोर्ट अक्षरी पासवर्डवरून आपल्या पद्धतीने वेप या सुरक्षापद्धतीची किल्ली बनवी. विंडोजची पद्धत वेगळी असल्याने तिथे तोच शब्द बिनचूक टाइप करूनही जोडणी होत नसे. मग एअरपोर्टच्या सॉफ्टवेअरमधून किल्लीचे षोडशमान (हेक्साडेसिमल) रूप काढायचे आणि ते (४० बिटांच्या किल्लीसाठी १० चिन्हे) विंडोजमध्ये भरायचे. एवढा खटाटोप ज्या वेपसाठी, ते २००१ मध्येच फोडले गेले! २००३ मध्ये डब्ल्यूपीए ही नवी सुरक्षापद्धत आली आणि एकच पासवर्ड दोन्हीकडे चालू लागला. काही जुनी वायरलेस कार्डे मात्र डब्ल्यूपीए ओळखत नसत, म्हणून वेप पुढेही रेंगाळले.